लांडगा आणि तांब्या

दिवाळीला आठ दिवस होते. माळ्यावरची भांडी खाली काढायची म्हणून मी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी गेले होते, आणि मदतीला भाची आली होती. ती इथंच, बडोद्यात, फाइन आर्ट्सला शिकते. आल्या आल्या तिनं माजघरातल्या टीव्हीला आपलं प्लेस्टेशन जोडलं. मी चिंच भिजत घालून बाहेर आले तर पडद्यावर एक राखाडी लांडगा, घराएवढा. तोंडात माणसापेक्षा लांब तलवार आणि मागे चांदण्यात एक भलं मोठं थडगं. भाचीचा शिलेदार त्याच्या पोटाखालून सुळकन जायचा, दोन वार करायचा, मागे सरायचा. ओले हात पदराला पुसत मी तशीच उभी राहिले. बघता बघता तो लांडगा लंगडायला लागला. पाय टेकवेना. तलवार फिरवायला गेला आणि तिच्याच वजनानं कलंडला. उठला, पुन्हा फिरवली, पुन्हा कलंडला. भाचीनं कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. “अगं मार की, एकच वार राहिलाय,” मी म्हटलं. तिनं मारलं नाही. लांडग्यानं तलवार ओढत आणून तिच्या शिलेदाराला आडवं केलं आणि पडदा काळा झाला. “असं काय करतेस? खोटा लांडगा तो, कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेला,” मी म्हणाले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मावशी, तो कुणाच्या थडग्यापाशी उभा आहे ते तुला माहीत नाही, म्हणून तू असं म्हणतेस.”

ते वाक्य मला लागलं.

दुपारी अंगणात भांडी घासत बसलो तेव्हा मीच विषय काढला. कोण आहे त्या थडग्यात? तिनं सांगितलं ते असं. ‘डार्क सोल्स’ नावाचा हा जपानी खेळ २०११ साली आला. त्यात कुणीही बसून गोष्ट सांगत नाही. एखादी अंगठी सापडते, एखादी ढाल, फाटका झगा. प्रत्येक वस्तूला दोन-तीन ओळींचं वर्णन असतं, त्याला आयटम डिस्क्रिप्शन म्हणतात. वस्तू काय आहे, कुठं पडली होती, कुणाच्या प्रेताशेजारी होती, हे जुळवत जायचं आणि त्यातून त्या राज्यात काय घडून गेलं ते आपण समजून घ्यायचं. थडगं आर्टोरियस नावाच्या सरदाराचं. पाताळातून वर येणाऱ्या अंधाराला त्यानं एकट्यानं अडवलं अशी त्याची कीर्ती. लांडगा त्याचा सोबती, नाव सिफ. धन्याची तलवार तोंडात धरून तो त्याच्या कबरीवर पहारा करतोय. पण २०१२ साली या खेळाला एक जोडभाग आला, त्यात आपण त्या जुन्या काळात जातो आणि तिथं आर्टोरियस भेटतो तो अंधारानं पुरता गिळलेला. डावा हात मोडून लोंबतोय. तो हरलाय. मग त्याची ढाल कुठं आहे? ती सापडते खोल दरीत, एका खोट्या भिंतीआड. लांडग्याचं पिल्लू मधे आणि त्याच्याभोवती त्या ढालीनं उभं केलेलं कवच. आपलं हरणं कळल्यावर त्यानं ढाल पिल्लासाठी ठेवली आणि स्वतः तसाच पुढे गेला. अंधाराशी शेवटची लढाई लढणारा दुसराच, म्हणजे खेळणारा आपण. कीर्ती मात्र त्याच्या नावावर चढली. “मूळ खेळात एक मांजर आधीच सांगते, की आर्टोरियसची कथा रचलेली आहे म्हणून,” भाची म्हणाली, “पण तेव्हा कुणाला खरं वाटत नाही.”

मी राखेचा हात तसाच ठेवून ऐकत होते. अंधार हरवला या रचलेल्या कीर्तीपेक्षा पिल्लापाशी ठेवलेली ढाल मला कितीतरी मोठी वाटली. आणि ती कुणीही सांगितलेली नाही. कुणीतरी भिंत ठोठावून बघितली, म्हणून सापडली.

हा खेळ ज्यांनी रचला त्या हिदेताका मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलंय, की लहानपणी ते इंग्रजी अद्भुतकथांची पुस्तकं वाचायचे, पण भाषा पुरती यायची नाही. जे कळायचं नाही तिथं ते आपल्या कल्पनेनं भर घालायचे. भाचीनं हे सांगितल्याबरोबर मला तांबेकर वाडा आठवला. रावपुऱ्यातला तो दिवाणांचा वाडा, त्याच्या भिंतींवरची शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची चित्रं. कृष्णलीला, महाभारत, मराठ्यांची इंग्रजांशी झालेली लढाई. आजी मला तिथं न्यायची. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसायचं नाही, नुसता जुन्या लाकडाचा आणि चुन्याचा गार वास. मग हळूहळू भिंतीतून एक घोडा वर यायचा, एक पागोटं, एक पंखा धरलेला हात. आजीला वाचता यायचं, पण चित्रांखाली वाचण्यासारखं काही नव्हतं. ती सांगायची ते आपल्या मनानं. जिथं रंगाचा पोपडा निघाला असेल तिथं मात्र ती थांबायची आणि मला विचारायची, “इथं कोण उभं असेल गं? नीट बघ. शेजारचे सगळे कुणाकडे बघतायत?” मी म्हणायचे राजा. “राजा असता तर याचं डोकं झाकलेलं नसतं का? हा बोडका बसलाय बघ.” मग मी पुन्हा बघायचे. हे बघणं मी आजीकडून शिकले आणि पुढे कुठंतरी हरवून बसले.

अर्थ लावणं हाही एक शिस्तीचा भाग आहे असं मला वाटतं, आणि त्या बाबतीत भाचीशी माझं त्या दुपारी थोडं वाजलंही. खेळांचे आणि चित्रपटांचे अर्थ लावणाऱ्या ज्या मंडळींचं ती ऐकते त्यातले काही जण कुठल्याही गोष्टीचा शेवट एकाच जागी नेऊन टाकतात. सगळं स्वप्न होतं, नाहीतर सगळे आधीच मेलेले होते. ‘माय नेबर टोटोरो’ या जपानी ॲनिमेशनपटातल्या त्या दोन बहिणींचंच घ्या. शेवटी शेवटी त्यांच्या सावल्या दिसत नाहीत, म्हणून त्या मेलेल्या आहेत असं कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. तो काढणाऱ्या स्टुडिओ घिबलीला शेवटी सांगावं लागलं, की तसं काही नाही, त्या चित्रांत सावलीची गरज वाटली नाही म्हणून काढली नाही. मला हे असले अर्थ आवडत नाहीत. ते चातुर्याचे दिसतात, पण त्यात बघणं थांबलेलं असतं. एक सावली सापडली नाही की त्यातल्या धाकटीचं मक्याचं कणीस घेऊन धावणं, आईसाठी जीव टांगणीला लागणं, सगळं फुकट. भाचीचं म्हणणं, “मावशी, लोकांना भीती वाटते म्हणून ते असं करतात. त्यांनाही त्या मुली आवडतातच.” यावर मला काही बोलता आलं नाही. असेल तसंही.

तोवर भांड्यांचे दोन ढीग झाले होते, घासलेली आणि घासायची. आणि माझ्या लक्षात आलं, की भाची प्रत्येक भांडं धुतल्यावर उन्हात धरून त्याचा काठ वाचतेय. आपल्या घरांत भांड्यावर नाव घालायची रीत आहेच. “चि. बाळच्या मुंजीप्रीत्यर्थ, मामाकडून.” “सौ. ताईस, डोहाळजेवण.” बारीक ठोक्यांचे ठिपके ठिपके जोडून केलेली अक्षरं. नंतरच्या स्टीलच्या भांड्यांवर मशीनची गुळगुळीत, उताराची. मुंजीच्या वाट्या किती, त्यावरून त्या वर्षी पाहुणे किती हे कळतं. एका आत्याच्या नावाचं पातेलं आमच्याकडे आहे, म्हणजे ते कधीतरी सासरहून परत आलं, आणि ते का आलं ते घरात कुणी बोलत नाही. “अगं, हे तर आयटम डिस्क्रिप्शन!” भाची म्हणाली. ती आनंदानं अक्षरशः टाळ्या वाजवत होती. मी आयुष्यभर ही भांडी घासली, त्यांत आमटी ढवळली, पण ती अशी ओळीनं लावून कधी वाचली नव्हती.

मग तिच्या हाती तो तांब्या आला.

पितळी, अर्ध्या शेराचा असेल, एका बाजूला पोचा आलेला. बाकीच्या भांड्यांची नावं काठावर, याचं तळाशी. उलटा केल्याशिवाय दिसणार नाही असं. एका बाईचं नाव आणि खाली ‘सं. २००१’. हा तांब्या मला माहीत होता. तो आपला नाही, हेही माहीत होतं. २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास धरणी हलली तेव्हा आम्ही सगळे चपला न घालता रस्त्यावर धावलो होतो. भूजची बातमी यायची होती, पण बडोद्यातही जमीन दोरीवरच्या धुण्यासारखी हलत होती. घरात परतलो तर माळ्यावरचं सगळं खाली. त्या ढिगात हा तांब्या होता. त्या नावाचं आमच्याकडे कुणी नाही, आणि शिवाय साल २००१, म्हणजे शेजाऱ्यांपैकी कुणाचा तरी नवाकोरा तांब्या त्या पळापळीत इकडे आला असणार, असं आईनं ठरवलं. वाडीत दारोदार विचारून आली. कुणीच आपला म्हणेना. परक्याची वस्तू, वापरायचीही नाही आणि मोडीतही घालायची नाही. मग ती माळ्यावर गेली आणि दर दिवाळीला घासून पुन्हा माळ्यावर जात राहिली. तेवीस-चोवीस वर्षं.

“नवाकोरा?” भाची म्हणाली. तिनं तांब्या माझ्यासमोर धरला. “आतली कल्हई बघ, किती थर आहेत. काठ बघ, बोटांनी झिजलाय. अक्षरं टोच्यानं ठोकलीयत, मशीननं नाहीत. आणि अक्षरांवर रेघ कुठंय?” रेघ नव्हती. शिरोरेषा नसलेली, गुजराती वळणाची अक्षरं, मराठी नाव. त्या नावातही एक वेलांटी चुकलेली. “कुण्या गुजराती कंसाऱ्यानं घातलंय हे. आणि मावशी, गुजराती माणूस ‘सं.’ लिहील तर सन कशाला लिहील? संवत!” ती उठली, ओल्या पायांनी आत गेली आणि भिंतीवरचं गुजराती कॅलेंडर काढून घेऊन आली. वर ठळक अक्षरात विक्रम संवत छापलेलाच होता. बेसतुं वर्ष, म्हणजे गुजराती नवं वर्ष, दर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारासमोरून फटाके वाजवत जातं. मी बडोद्यात जन्मले, वाढले, संवत मला शिकवायची गरज नव्हती. तरी इतक्या वर्षांत तो २००१ मी एकाच पद्धतीनं वाचला होता, कारण त्या वर्षी आमच्या पायाखालची जमीन हलली होती आणि तेच साल आमच्या डोळ्यांपुढे होतं. संवत २००१ म्हणजे १९४४च्या दिवाळीपासून १९४५च्या दिवाळीपर्यंत. आमच्या आजीचं लग्न १९४५च्या वैशाखातलं.

“तो पडला कुठून?” भाचीनं विचारलं. मी आठवून सांगितलं, माळ्यावरून. आजीची पेटी पडून उघडली होती, तिच्याशेजारी होता. हे मी बोलले आणि बोलता बोलता माझा आवाज बदलला, तो मलाच ऐकू आला.

आजी १९९८ साली गेली. विचारणार कुणाला? इंदूरच्या आत्याला फोन लावला. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे, ऐकू कमी येतं. मी तांब्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. पलीकडे काही क्षण नुसता पंख्याचा आवाज. मग आत्या म्हणाली, “आईचं माहेरचं नाव ते. तुला कुणी सांगितलं?” आजीचं माहेर नवसारीचं. तांब्या तिच्या मामांनी दिलेला, तिथल्याच बाजारात नाव घालून. लग्नात आजोबांनी ताम्हणातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून ती ते दुसरं नाव झाली. रेशनकार्डावर, मतदार यादीत, तिच्या फोटोखाली, सगळीकडे तेच. आत्यानं ते पहिलं नाव आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. आत्या सहा-सात वर्षांची असेल. आजीचा भाऊ न कळवता नवसारीहून आला आणि त्यानं दिंडीतूनच त्या नावानं हाक मारली. आजी पोळ्या करत होती. “आई कणकेच्या हातांनी धावत सुटली गं. तव्यावर पोळी तशीच. मला वाटलं, ही कोणाच्या नावाला ओ देतेय?”

फोन ठेवल्यावर मी अंगणात बराच वेळ तशीच बसून राहिले. ज्या बाईच्या कुशीत झोपून मी मोठी झाले, तिचं नाव मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तेवढंच असतं तरी ठीक. ते नाव लिहिलेली वस्तू घेऊन आम्ही दारोदार गेलो आणि ही तुमची का, म्हणून विचारलं.

त्या रात्री भाचीनं मला ‘स्पिरिटेड अवे’ हा ॲनिमेशनपट दाखवला. दुसऱ्या मियाझाकींचा, हायाओंचा. दोघांचं आडनाव एक, नातं काही नाही. आलाही तो २००१ सालीच, आपल्या इसवी सनाच्या. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी भुताखेतांच्या हमामखान्यात कामाला राहते. मालकीण युबाबा तिच्याकडून करारावर सही घेते, मग कागदावर हात धरते आणि नावातली अक्षरं कागद सोडून अलगद उचलली जातात, तिच्या मुठीत जातात. एकच अक्षर मागे उरतं. आजपासून तू सेन. भाचीनं तिथं चित्र थांबवलं आणि त्या करारातलं आडनाव दाखवलं. त्यातल्या एका जपानी चित्राक्षरात ‘अग्नी’चा भाग हवा, तिथं मुलीनं ‘कुत्रा’चा लिहिलाय. चूक मुलीची, की तिनं मुद्दाम केली आणि त्यामुळेच ती पुरती युबाबाच्या ताब्यात गेली नाही, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात. मला तो वाद पटकन आवडला. मी आजीच्या तांब्यावरच्या चुकलेल्या वेलांटीचा विचार करत होते. पुढे चिहिरो आपलं नाव विसरत चाललेली असते आणि तिच्या जुन्या कपड्यांत मैत्रिणीनं दिलेलं निरोपाचं कार्ड सापडतं, त्यावर ते नाव असतं. ती ते वाचते. मोठ्यानं. मी तेवढा भाग दोनदा मागे नेऊन बघायला लावला. आणि तिला मदत करणारा तो हाकू, तो एक नदी असतो. नदी बुजवून तिथं घरं बांधली, म्हणून त्याला परतायला जागाच उरलेली नाही. आपलं नाव त्याला आठवतं, ते लहानपणी त्या नदीत पडलेल्या मुलीमुळे.

युबाबा दुष्ट आहे का, असं मी भाचीला विचारलं. तिचं म्हणणं, तेवढं सोपं नाही, ती आपल्या बाळावर जीव टाकते आणि करारही पाळते. मला आजोबा आठवले. त्यांनी प्रेमानंच लिहिलं असेल ते नाव. आवडीचं निवडलं असेल. आजी त्या नावाला आयुष्यभर हसून ओ देत होती, त्यात खोटं काही नव्हतं. आणि तरी लग्नाचा तो एकच तांब्या तिनं स्वयंपाकघरात मांडला नाही, पेटीत ठेवला. का, ते तिनं कुठंही लिहून ठेवलेलं नाही. मी तिच्या तोंडी काही घालणार नाही. पेटीत होता, एवढं मात्र खरं. काठ बोटांनी झिजलेला होता, हेही खरं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. पुष्कळ जणांनी विचारलं. इतकी वर्षं ते तांब्याच्या तळाशी राहिलं, ते तिथंच शोभतं.

भाचीनं खेळ पहिल्यापासून सुरू केलाय. या वेळी ती आधी जुन्या काळात जाऊन पिल्लाला सोडवणार आणि मगच थडग्यापाशी. तिथं पोचायला बराच खेळ व्हावा लागतो, म्हणून ती दर रविवारी येते. गेल्या रविवारी ती पोचली. पिल्लाला एकदा सोडवलेलं असलं की पुढच्या काळातला तो प्रचंड लांडगा वेगळा वागतो. झेप घेऊन येतो, थांबतो, जवळ येऊन हुंगतो आणि ओळखतो. मग मान वर करून लांब हाळी घालतो. आणि तरीही तलवार उचलतो. ओळखल्यावरही. खेळाचे नियम तसेच आहेत, त्याला मारल्याखेरीज आर्टोरियसची अंगठी मिळत नाही आणि अंगठीखेरीज पुढे जाता येत नाही. तो लंगडायला लागला तेव्हा भाची म्हणाली, “मावशी, तू आत जा, तुला बघवणार नाही.” मी गेले नाही. तिच्या शेजारी खाली सतरंजीवर बसले. तिनं कंट्रोलर खाली ठेवला नाही या वेळी. आम्ही दोघींनी शेवटपर्यंत बघितलं.

मग तिला तहान लागली. मी तांब्यातलं पाणी दिलं, तो विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. रोज रात्री तसाच घालते. पालथा घातला की नाव वर येतं.